पांढरा कोट आणि ध्वनिक्षेपक : चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आरोग्याचा आवाज कसा पोहोचला?

१/ भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत ७.११ क्रमांकाचे एक कलम आहे. आजार व उपचारांविषयी स्वतःची जाहिरात होईल असे लेख वा मुलाखती डॉक्टरने देऊ नयेत, असे ते बजावते. सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यदायी राहणीमान या विषयांवर मात्र स्वतःच्या नावाने लिहिण्यास, व्याख्याने देण्यास, रेडिओ-दूरचित्रवाणीवर बोलण्यास तेच कलम मुभा देते. मनाई आणि मोकळीक एकाच कलमात का? त्यामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे.

२/ जिल्ह्यातील डॉक्टरांची एखादी संघटना लोकांशी रेडिओवरून बोलण्याचा विचार करू लागली की तिच्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात. बोलणार कोण, नावानिशी की संघटनेच्या आडून? कोणत्या भाषेत? आणि ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येईल का? चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधली गेली, पण ती सापडली रेडिओच्या स्टुडिओबाहेर.

३/ आधी रेडिओचा जन्म पाहू. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच जुलै महिन्यात मुंबईतच र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. एक माध्यम सरकारच्या परवान्यावर चालणारे, दुसरे एका माणसाच्या जिद्दीवर. कर्वे वैद्य नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली होती.

४/ शरीर, लैंगिक आरोग्य, संततिनियमन यांविषयी उघडपणे लिहिल्याबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. तरीही १९५३ पर्यंत, म्हणजे कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत मासिक निघत राहिले. आरोग्याविषयी सर्वांसमक्ष बोलणे ही केवळ माहिती देण्याची बाब नसून त्याची किंमत मोजावी लागते, हा धडा मराठी समाजाला तेव्हाच मिळाला.

५/ त्या काळी डॉक्टर मंडळी सर्वांसमक्ष बोलण्यास कचरत होती, आणि त्याचे कारण वेगळे होते. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. ब्रिटनमधील जनरल मेडिकल कौन्सिलची शिस्त इथेही आदर्श मानली गेली. त्या शिस्तीत स्वतःची जाहिरात करणे हा व्यवसायभंग होता. वैदू, गंडेदोरेवाले आणि ‘रामबाण’ औषधांचे विक्रेते जाहिरात करतात, पदवीधर डॉक्टरने ती करू नये, असा तो संकेत होता.

६/ संकेतामागील हेतू रास्त होता. रुग्ण घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येते. पण या शिस्तीचा एक उलटा परिणाम झाला. जाणकार मौन पाळत राहिले आणि मैदान अर्धवट जाणणाऱ्यांना मोकळे मिळाले. वर्तमानपत्रांत ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती झळकत राहिल्या, तर पटकी, देवी, हिवताप यांविषयी अधिकाराने सांगणारा आवाज दवाखान्याच्या चार भिंतींत अडकून पडला.

७/ यातून ब्रिटिशांनी काढलेली वाट मोठी गमतीची होती. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर ‘रेडिओ डॉक्टर’ नावाने एक भारदस्त, घोगरा आवाज घुमू लागला. बद्धकोष्ठता, आहार, सर्दीपडसे यांवर तो घरगुती भाषेत, नर्मविनोदी ढंगाने बोले. त्याचे नाव मात्र सांगितले जात नसे. नाव सांगितले तर जाहिरात ठरेल! हे गृहस्थ होते डॉ. चार्ल्स हिल, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे पदाधिकारी आणि १९४४ पासून तिचे सचिव.

८/ पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा आकाराला येत असताना डॉक्टरांच्या संघटनेने आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्याशी कडवा संघर्ष केला. त्या संघर्षात संघटनेची बाजू लढवणारा सचिव हाच ‘रेडिओ डॉक्टर’ होता. १९५० मध्ये हिल संसदेत निवडून आले, तर १९६७ मध्ये बीबीसीचेच अध्यक्ष झाले. रेडिओने कमावलेला विश्वास राजकारणातही वापरता येतो, हे त्यांच्या कारकिर्दीतून दिसून आले.

९/ आता विदर्भाकडे वळू. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि चांदा हा त्याच प्रांतातील विस्तीर्ण जिल्हा. सिरोंचा, अहेरी, एटापल्ली, भामरागड हा सारा प्रदेश त्यातच होता. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांच्या खोऱ्यांतील या जंगलात रेडिओसंच ही फार थोड्यांच्या घरची वस्तू होती.

१०/ रेडिओ खेड्यात नेऊन काय साधते, याचा पहिला शिस्तबद्ध प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून मराठी भाषक जिल्ह्यांतील १५० गावांसाठी खास कार्यक्रम प्रसारित झाले. मूळ कल्पना कॅनडातील शेतकरी श्रोता-मंडळांची. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, मग आपसात चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे, अशी त्याची पद्धत होती.

११/ टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्याची धुरा समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी सांभाळली. निष्कर्ष स्पष्ट होता. श्रोता-मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडली, तर नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. म्हणजे फरक पडला तो ऐकण्यानंतर झालेल्या बोलण्यामुळे. ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे गडचिरोलीत तीच वेगळ्या वाटेने पुन्हा समोर येते.

१२/ पण दरम्यानच्या काळात सरकारी प्रसारणाने एकतर्फी मार्ग धरला. लाल त्रिकोण, ‘हम दो, हमारे दो’ आणि कुटुंबनियोजनाच्या घोषणा रेडिओवरून, भिंतींवरून अविरत ऐकू-दिसू लागल्या. आणीबाणीत त्या घोषणांमागे सक्ती उभी राहिली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, पण आरोग्याच्या संदेशावरील विश्वासाला तडा गेला तो गेलाच.

१३/ त्याच सुमारास आकाशातूनही एक प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे तिचे विषय होते. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारच्या रायपूर भागातील गावे मात्र होती आणि तिथे कार्यक्रमांची भाषा हिंदी होती. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोगाची मुदत संपली आणि उपग्रह परत नेण्यात आला.

१४/ याच काळात जंगलात विनायंत्राचा एक प्रयोग सुरू झाला होता. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. पर्लकोटेला पूर आला की जगाशी संपर्क तुटे. माडिया लोक अनोळखी माणसांना बिचकत आणि या डॉक्टरांना माडिया भाषा येत नव्हती.

१५/ आमटे दांपत्याने आधी भाषा आत्मसात केली. रुग्णाला कुठे दुखते हे त्याच्याच शब्दांत समजू लागले, तेव्हा दवाखाना खऱ्या अर्थाने सुरू झाला. बरा होऊन गावी परतलेला रुग्ण हाच त्या दवाखान्याचा प्रचारक ठरला. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर बातमी पायी जाई. २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने या कार्याचा गौरव झाला.

१६/ २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेतही लोकसंख्या जेमतेम १० लाख ७२ हजार, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे ७४ माणसे. बोलीभाषा मात्र अनेक : मराठी, गोंडी, माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, सीमेलगत छत्तीसगढी, निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. कोणत्याही एका भाषेत बोलणारा आवाज इथे अनेकांसाठी परकाच ठरणार होता.

१७/ १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या या दांपत्याने ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली होती. त्यांनी आधी ऐकले आणि मोजले. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने हा अभ्यास छापला.

१८/ या आकड्याचा दुसरा अर्थही विचारात घ्यावा. एवढ्या स्त्रिया आजारी होत्या, पण पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया १० टक्क्यांहूनही कमी होत्या. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास या गोष्टी सोसायच्या असतात, बोलायच्या नसतात, अशी रीत होती. जे आपसात उच्चारायचीही चोरी, ते रेडिओवरून कोणी कितीही सांगितले तरी ऐकणारी स्त्री सर्वांदेखत कान देणार कशी? इथे आधी बोलण्याची जागा निर्माण करावी लागणार होती.

१९/ आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हा प्रश्न बंग दांपत्याने थेट त्यांनाच विचारला. मिळालेले एक उत्तर डॉ. अभय बंग यांनी अनेकदा सांगितले आहे : तुमचे डॉक्टर, परिचारिका पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्या कापडात प्रेत गुंडाळतो. शहरात जो पांढरा कोट विश्वासाची खूण होता, तो जंगलात मृत्यूची खूण होता. कोणताही संदेश देण्याआधी त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या घरात काय होतो, हे जाणून घ्यावे लागते.

२०/ मग शोधग्राम येथील रुग्णालय आदिवासी पाड्याच्या धर्तीवर, झोपड्यांसारख्या रचनेत उभे राहिले. त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. देवीची वार्षिक जत्रा भरू लागली आणि त्या जत्रेतच आरोग्याची लोकसभा. गावोगावचे प्रतिनिधी आपल्या गावाला कोणता आजार छळतो हे तिथे सांगत. इथे बोलत होते गावकरी आणि ऐकत होते डॉक्टर.

२१/ लहान मुलांच्या मृत्यूचे मोठे कारण होते न्यूमोनिया. त्याची खूण म्हणजे जलद श्वास. पण श्वास मोजायचा तर आकडे यायला हवेत आणि गावच्या सुइणी निरक्षर. ‘सर्च’ने त्यांच्यासाठी एक साधन तयार केले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी. श्वास मोजत मणी सरकवायचे. वाळू संपण्याआधी ठरलेल्या खुणेपलीकडे गेले तर न्यूमोनिया. वैद्यकातील एक निकष असा सुईणीच्या बोटांत आला.

२२/ १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या न्यूमोनिया प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यानंतर नवजात बाळांचा प्रश्न हाती घेण्यात आला. ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण मिळाले. त्या गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर घरी जात, बाळाचे वजन करत, त्याला ऊब कशी द्यावी हे दाखवत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविके देत. डिसेंबर १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नियंत्रण गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट.

२३/ प्रयोगापूर्वी या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत. तिसऱ्या वर्षी ते प्रमाण सुमारे २५ वर आले. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारला. पुण्याच्या १५० गावांनी १९५६ मध्ये दिलेला धडा इथे पुन्हा सिद्ध झाला. आवाज ओळखीचा हवा, समोर बसलेला हवा आणि त्याला प्रश्न विचारता यायला हवा.

२४/ दारूचा प्रश्नही असाच गावसभांतून वर आला. डॉक्टर, स्त्रिया आणि गावकरी यांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने उठवली. दोन शेजारी जिल्हे, एकच आरोग्यसंदेश, पण भवितव्य वेगळे. चार्ल्स हिल यांच्या काळात लंडनमध्ये जे घडले तेच इथे : डॉक्टरचा आवाज समाजात उतरला की तो राजकारणापासून अलिप्त राहत नाही.

२५/ मग प्रसारण व्यर्थ का? तसे मुळीच नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे दार उघडले. पण अशा केंद्राची शक्ती मर्यादित, पल्ला काही किलोमीटरांचा. सपाट प्रदेशात तेवढ्यात अनेक गावे येतात. दाट जंगलात आणि विरळ वस्तीत मोजकेच पाडे येतात.

२६/ या अडचणीवर शेजारच्या बस्तर परिसरात एक उपाय निघाला. बीबीसीचे माजी पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. साध्या मोबाइलवरून फोन करायचा, आपले म्हणणे नोंदवायचे, इतरांचे ऐकायचे. भाषा गोंडी असली तरी चालेल. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, औषध नाही, अशा तक्रारी त्यावर येऊ लागल्या. मनोऱ्याऐवजी टेलिफोन आणि वक्त्याइतकाच श्रोताही बोलका, असा हा ‘रेडिओ’ होता.

२७/ आज माध्यम बदलले, वाद तोच आहे. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी नवे नियम आणले. त्यांत समाजमाध्यमांवरील वर्तनाचाही समावेश होता : रुग्णांची छायाचित्रे टाकू नयेत, पसंतीचे आकडे विकत घेऊ नयेत. तीन आठवड्यांत हे नियम स्थगित झाले आणि २००२ ची आचारसंहिता पुन्हा लागू झाली. म्हणजे ७.११ चे कलमही पुन्हा जिवंत झाले.

२८/ इंडियन मेडिकल असोसिएशनची स्थापना १९२८ ची, म्हणजे भारतातील नियमित रेडिओपेक्षा ती वर्षभरानेच लहान. आज तिच्या शाखा देशभर आहेत. चंद्रपुरात आकाशवाणीचे केंद्र आहे, हातोहाती मोबाइल आहेत. साधनांचा तुटवडा आता पूर्वीइतका उरलेला नाही. पावसाळ्यात हिवताप वाढतो, सर्पदंश होतात, आणि योग्य माहिती वेळेत पोहोचली तर जीव वाचतो. तेव्हा बोलावे की नाही हा प्रश्न आता उरत नाही. कसे बोलावे, एवढाच उरतो.

२९/ त्याचे उत्तर या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात आहे. नाव द्यावे, कारण नाव देणारा जबाबदारीही घेतो. मात्र दवाखान्याचा पत्ता सांगत बसू नये. भाषा माडिया-गोंडीचीही असावी आणि बोलणारी व्यक्ती शक्यतो त्याच भागातील असावी. कार्यक्रम संपल्यावर गावात बसून त्यावर बोलणारे कोणी असावे, मग ती आरोग्यदूत असो वा ‘आशा’. आणि गावाचा प्रश्न डॉक्टरपर्यंत परत पोहोचण्याची वाट असावी.

३०/ वाळूचे घड्याळ आणि सरकणारे मणी यांना ना वीज लागत होती, ना परवाना. तरी वैद्यकशास्त्रातील एक महत्त्वाची खूण त्यांनी निरक्षर सुईणीच्या हाती दिली आणि मुलांचे प्राण वाचवले. ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ती मण्यांची माळ एकदा तरी आठवावी. आपले वाक्य ऐकून दूरच्या पाड्यावरील बाई आज रात्री बाळासाठी नेमके काय करू शकेल, एवढे ठरले की मग खुशाल बोलावे.